एआयने मांडलेली चिप: बाहेरच्याला तपासता येत नसेल तर त्याला संशोधन म्हणायचं का?

राउटिंगवाला (धागालेखक)

जून २०२१मध्ये 'नेचर'मध्ये गूगलच्या लोकांचा एक निबंध आला. मुख्य लेखिका अझालिया मिर्होसेनी आणि ॲना गोल्डी, लेखकांच्या यादीत गूगल एआयचे तेव्हाचे प्रमुख जेफ डीनही. दावा असा की चिपचा जो फ्लोअरप्लॅन (कोणता भाग कुठे बसवायचा त्याचा आराखडा) करायला माणसांना आठवडे-महिने लागतात, तो आमची रीइन्फोर्समेंट लर्निंगची (करून बघत, मिळालेल्या गुणांवरून शिकण्याची) पद्धत सहा तासांच्या आत करून देते. शिवाय वीज, वेग, क्षेत्रफळ सगळ्यात तो माणसाच्या तोडीचा किंवा त्याहून सरस असतो. टीपीयूच्या, म्हणजे गूगलच्या स्वतःच्या एआय चिपच्या, पुढच्या पिढीसाठी तो वापरलाही. त्यानंतर फिजिकल डिझाइनवाल्यांना, म्हणजे चिपची अशी मांडणी करणाऱ्यांना, जो तो विचारू लागला, "मग आता तुमचं काय?"

धंद्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात: चिपच्या एका ब्लॉकमध्ये मॅक्रो असतात, म्हणजे मुख्यतः मेमरीचे तयार ठोकळे, आणि लाखो बारीक स्टँडर्ड सेल असतात. आधी मॅक्रो कुठे बसवायचे ते ठरतं, मग उरलेल्या जागेत सेल. मॅक्रो चुकीच्या जागी बसले की तारा लांबतात, एका कोपऱ्यात राउटिंगची (तारा नेण्याची) गर्दी होते, टायमिंग बसत नाही (सिग्नल वेळेत पोचत नाहीत) आणि टेपआऊट, म्हणजे डिझाइन फॅबकडे पाठवणं, पुढे ढकललं जातं. गूगलचा एजंट (शिकणारा प्रोग्रॅम) एकेक मॅक्रो ठेवत जातो. सगळे ठेवून झाले की त्याला गुण मिळतात, ते वायरलेंथ (तारांची लांबी), कंजेशन (तारांची गर्दी) आणि डेन्सिटी (दाटी) या तिघांच्या अंदाजावरून.

आता माझी तक्रार. त्या निबंधातले वजनदार निकाल टीपीयूच्या ब्लॉकवरचे. ते ब्लॉक बाहेर कुणालाही मिळणार नाहीत. 'सर्किट ट्रेनिंग' नावाने कोड खुला झाला तो जानेवारी २०२२मध्ये, तोही आधी शिकवून ठेवलेल्या मॉडेलशिवाय. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले अँड्र्यू कांग आणि त्यांचे विद्यार्थी तो कोड घेऊन बसले आणि मार्च २०२३च्या आयएसपीडी या फिजिकल डिझाइनच्या परिषदेत त्यांनी निकाल मांडले. बहुतेक ठिकाणी साध्या सिम्युलेटेड ॲनिलिंगने (यादृच्छिक बदल करत हळूहळू चांगली मांडणी शोधण्याच्या पद्धतीने) गूगलच्याच गुणपद्धतीत एजंटला मागे टाकलं होतं. १९८३ साली आयबीएमच्या किर्कपॅट्रिक वगैरेंनी मांडलेली ही पद्धत! शिवाय कोडमध्ये सापडलं की सेलचे गट पाडताना एका व्यावसायिक टूलने आधी करून दिलेल्या प्लेसमेंटमधल्या जागा वापरल्या जातात. निबंधात हे वाचून कुणाला कळलं नसतं.

हेच कांग २०२१मध्ये 'नेचर'च्या त्याच अंकात या कामाचं कौतुक करणारं टिपण लिहून बसले होते. ते टिपण सप्टेंबर २०२३मध्ये मागे घेतलं गेलं. याहून बोलकं काय हवं?

माझं मत सरळ आहे. बाहेरच्या माणसाला चालवून बघता येत नाही तोवर ती जाहिरात. खरी असेल, भारीही असेल, पण 'नेचर'ने ती संशोधन म्हणून छापायला नको होती.

सनीव्हेलकर

धागालेखकांनी अर्धीच गोष्ट सांगितली आहे, उरलेली मी सांगतो.

सॅन डिएगोच्या मंडळींनी मॉडेलला आधी काही शिकवलंच नाही. या पद्धतीचा गाभाच तो आहे: आधी बरेच ब्लॉक मांडून मॉडेल शिकतं, मग नवा ब्लॉक त्याला पटकन जमतो. पोराला शाळेतच न घालता थेट दहावीच्या परीक्षेला बसवायचं आणि नापास झाला म्हणून बोर्डाच्या नावाने शंख करायचा, असला प्रकार झाला. वर अनुभव गोळा करणाऱ्या प्रक्रिया ५१२च्या जागी २६ आणि जीपीयू १६च्या जागी ८. गूगलच्या लेखकांनी नोव्हेंबर २०२४च्या उत्तरात हे सगळं मुद्देसूद लिहिलं आहे. तपासणीचे ब्लॉकही ४५ आणि १२ नॅनोमीटरचे, टीपीयू मात्र ७च्या खालचे (आकडा लहान तितकं तंत्र नवं). तिथे राउटिंगची दुखणीच वेगळी असतात, हे राउटिंगवाल्याला मी सांगावं?

आणि 'नेचर'ने चौकशी केली, संपादकांची टीप लावली, नंतर ती काढली. निबंध मागे घेतलेला नाही. उलट सप्टेंबर २०२४मध्ये त्याला पुरवणी जोडली गेली, पद्धतीचं 'अल्फाचिप' असं नाव झालं आणि २० टीपीयू ब्लॉकवर शिकवलेलं मॉडेल खुलं केलं. टीपीयूच्या तीन पिढ्यांत ती वापरली गेली, ट्रिलियममध्ये २५ ब्लॉकवर. डेटासेंटरमध्ये चालू असलेली चिप हा पुरावा नाही, तर मग पुरावा कशाला म्हणायचं?

हडपसरची_मृण्मयी

फिजिकल डिझाइनमध्ये काम करते, त्यामुळे दोघांनाही थोडं टोचणार आहे.

सनीव्हेलकर, चिप चालते यावरून एवढंच कळतं की चिप चालते. टेपआऊटआधी त्या ब्लॉकवर किती हात फिरले ते आपल्याला दिसत नाही. मॅक्रो एजंटने ठेवले, पुढे माणसाने त्यातले चार हलवले, मग टूलने सेल बसवले, मग टायमिंगची ईसीओ (शेवटच्या टप्प्यातली बारीक दुरुस्ती) झाली. श्रेय कुणाकुणाला वाटणार?

राउटिंगवाला, "साध्या ॲनिलिंगने हरवलं" हे ऐकायला छान आहे, पण ते हरवणं प्रॉक्सीच्या, म्हणजे त्या तीन अंदाजांच्या, गुणांमध्ये आहे. प्रॉक्सी आणि खरी चिप यांच्यात काय अंतर असतं ते सांगते. माझ्या एका ब्लॉकमध्ये एसरॅमच्या (मेमरी मॅक्रोंच्या) दोन रांगा समोरासमोर होत्या. कागदावर वायरलेंथ मस्त. पण मधली चॅनल इतकी चिंचोळी की पॉवरचा स्ट्रॅप (विजेची पट्टी) गेल्यावर बफरला (सिग्नलला जोर देणाऱ्या सेलला) जागाच उरेना. त्या चॅनलमधून जाणारी प्रत्येक नेट (तार) टायमिंगमध्ये बोंब मारत होती. मी एक रांग उलटी करून पिना मोकळ्या बाजूला घेतल्या आणि चॅनल रुंद केली. वायरलेंथ वाढली, टायमिंग मात्र सुटलं. हे शहाणपण त्या तीन आकड्यांच्या गुणांत कुठे बसतं?

आणि 'माणसाहून सरस' यातला माणूस कोण, हा प्रश्न मला अजून छळतो. दहा वर्षं मॅक्रो ठेवणारा की काल रुजू झालेला? त्याला वेळ किती होता? आमच्याकडे फ्लोअरप्लॅन 'सर्वोत्तम' झाला म्हणून कुणी थांबत नाही, शेड्युल संपलं म्हणून थांबतात. अशा माणसाला बेसलाइन (तुलनेचा पाया) धरणं मला सोयीचं वाटतं.

पीएचडीग्रस्त

मृण्मयीताई, +१.

सनीव्हेलकर, "शाळेत घातलंच नाही" हा मुद्दा जिथे-तिथे ऐकून कान किटले. २०२३मध्ये शाळा होती कुठे? शिकवलेलं मॉडेल गूगलने दिलं २०२४ला. त्याआधी गूगलच्याच कोडच्या माहितीपानावर लिहिलेलं होतं की अरियाने या ब्लॉकवर शून्यापासून शिकवून आलेले निकाल निबंधातल्या, आधी शिकवलेल्या मॉडेलच्या निकालांच्या तोडीचे किंवा त्याहून बरे आहेत. ते वाचून कुणी शून्यापासून शिकवून बघितलं तर दोष त्याचा कसा?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अरियाने हा आरआयएससी-फाइव्ह जातीचा खुला प्रोसेसर आहे. १३३ मेमरी मॅक्रोंचं त्याचं एक रूप आमच्या लॅबमध्ये सगळे वापरतात, कारण बाकी काही मिळतच नाही. एक रन लावायचा म्हणजे आधी जीपीयूच्या रांगेत नंबर लावायचा. सीड (सुरुवातीचा यादृच्छिक आकडा) बदलला की निकाल हलतो, म्हणून तोच रन पुन्हा लावायचा. तोवर गाइड विचारणार, "ग्राफ कुठाय?"

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. व्यावसायिक ईडीए (चिप डिझाइनच्या सॉफ्टवेअर) टूलच्या स्क्रिप्ट छापायलाही वर्षानुवर्षं परवानगी नव्हती. ही टूल विकणाऱ्या केडन्स आणि सिनॉप्सिस या कंपन्यांनी २०२२च्या सुमारास धोरण सैल केलं म्हणून सॅन डिएगोची मंडळी आपल्या टीसीएल (टूल चालवण्याची भाषा) स्क्रिप्ट सगळ्यांसमोर ठेवू शकली. म्हणजे कुलूप फक्त गूगलच्या दाराला होतं असं नाही.

सनीव्हेलकर

ते वाक्य एका अरियानेपुरतं होतं. त्यावरून सगळ्या ब्लॉकना पूर्वशिक्षण नको असा अर्थ काढणं ही वाचणाऱ्याची हौस. आणि हितसंबंधांबद्दल बोलायचंच तर नीट बोलू. या कामावर सगळ्यात तिखट टीका करणारे इगोर मार्कोव्ह त्या काळात सिनॉप्सिसमध्ये होते. सिनॉप्सिस काय विकते हे इथे सांगायला नको.

राउटिंगवाला

अहो, मग मूळ निबंधाचे लेखक कुठे होते? गूगलमध्येच ना? कोण कुठे नोकरी करतो यावर निकाल लावायचा तर दोन्ही बाजू बाद. म्हणून तर कोड, ब्लॉक आणि स्क्रिप्ट टेबलावर हव्यात. त्या असल्या की नोकरी कुठलीही असो.

नीट_मोजा

धागालेखकांशी असहमत, पण सनीव्हेलकरांच्या कारणाने नाही.

"बाहेरच्याला चालवून बघता आलं पाहिजे" हा नियम इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला लावलात तर निम्मं शास्त्र बाद होईल. आयएसएससीसी या चिप परिषदेला मांडलेली चिप घरी कोण बनवणार? आयईडीएम या ट्रान्झिस्टरच्या परिषदेत फॅब (चिप बनवणाऱ्या) कंपन्या नवीन ट्रान्झिस्टरचे आलेख दाखवतात, त्यात कित्येकदा अक्षांवर खरे आकडेही नसतात, सगळं कशाच्या तरी तुलनेत. तरी ते पेपर वाचून जगभरचे लोक दिशा ठरवतात. कंपन्यांना म्हणाल "सगळं द्या, नाहीतर छापू नका", तर त्या छापणार नाहीत. मग आपल्याला ना कोड, ना निबंध. थेट बाजारात आलेली चिप दिसणार. अर्धवट उघडलेलं दार मला बंद दारापेक्षा बरं वाटतं.

आणि बघा ना, निबंध छापला म्हणूनच कांग यांनी तो तपासला, उणिवा सापडल्या, गूगलला कोड, मॉडेल, पुरवणी देणं भाग पडलं. छापलाच नसता तर यातलं काय झालं असतं?

राउटिंगवाला

हा मुद्दा तगडा आहे, आयएसएससीसीवाला. पण तिथला पेपर म्हणतो, "ही चिप, हे मोजलेले आकडे." त्या चिपपुरता दावा. इथे दावा पद्धतीचा आहे: "आमची रीत तुमच्या रीतीहून सरस." रीतीची तुलना करायची तर दोन्ही रीती एकाच ब्लॉकवर, तेवढ्याच वेळात आणि तेवढ्याच यंत्रांवर चालवाव्या लागतात. शिवाय 'सहा तास' या आकड्यात पूर्वशिक्षणाचा वेळ धरलेला नाही, तो वेगळा. मथळ्यात मात्र सहा तासच गेले.

सगळं गुप्त ठेवायचं तर खुशाल ठेवा, पेटंट घ्या, ब्लॉग लिहा. 'नेचर'चा शिक्का कशाला?

कोथरूडचे_निवृत्त

हा धंदा वाढला कसा, तेही पाहा. स्पाइस हा सर्किट सिम्युलेटर बर्कलीत १९७०च्या दशकात तयार झाला. तिथल्या पेडरसन सरांचा आग्रह होता की सोर्स मागेल त्याला द्यायचा. कंपन्यांनी तो नेला, सुधारला, आणि आज तुम्ही जे सिम्युलेटर वापरता त्यातल्या बऱ्याच जणांचं कूळ तिथे जाऊन भिडतं. प्लेसमेंटमध्येही ॲनिलिंगवर चालणारं टिंबरवुल्फ बर्कलीतलंच, १९८५च्या सुमाराचं. तेव्हा विद्यापीठं पुढे होती आणि कंपन्या मागून येत. आता मोठा ब्लॉक, मोठं जीपीयू आणि ताजी प्रोसेस तिन्ही कंपन्यांकडे, आणि विद्यापीठ ४५ नॅनोमीटरच्या शैक्षणिक लायब्ररीवर. मुळातलं भांडण या असमतोलाचं आहे. कोड खुला झाला तरी तो मिटत नाही.

गंमत म्हणजे २०२०मध्ये स्कायवॉटरची १३० नॅनोमीटरची पीडीके (चिप कारखान्याच्या प्रक्रियेचे नियम आणि माहिती) खुली करायला हातभार लावला तो याच गूगलने. म्हणजे कंपनी एका हाताने उघडते, दुसऱ्या हाताने झाकते. कंपन्या अशाच असतात, त्यात रागवायचं काय. राग यायचा तर परीक्षकांचा यावा. बेसलाइन नीट लावली का, हे त्यांनी छापण्याआधी विचारायला हवं होतं.

सनीव्हेलकर

काका, बेसलाइनचं मान्य. ॲनिलिंगशी तुलना पहिल्याच दिवशी ठळक असती तर एवढं रामायण झालं नसतं. पण शिकणाऱ्या पद्धतीला एक गुण आहे जो ॲनिलिंगला नाही: ॲनिलिंग प्रत्येक ब्लॉकला कोऱ्या पाटीने सुरू होतं. दहावा ब्लॉक मांडताना आधीच्या नऊंचा त्याला काही उपयोग नाही. यावर कांग यांच्या मोजमापाने काहीच सिद्ध होत नाही, कारण पूर्वशिक्षणच वगळलं.

पीएचडीग्रस्त

हे मात्र तपासण्यासारखं आहे. २०२४चं मॉडेल घेऊन अरियाने, ब्लॅकपॅरट, मेमपूल हे खुले ब्लॉक मांडायचे, ॲनिलिंगला तेवढाच वेळ द्यायचा आणि शेवटचे आकडे प्रॉक्सीचे न घेता राउटिंगनंतरचे घ्यायचे. प्रत्येकाचे निदान पाच सीड. कुणाकडे जीपीयू मोकळे असतील तर मी स्क्रिप्ट लिहायला तयार आहे.

हडपसरची_मृण्मयी

राउटिंगनंतरचे घेतलेत तर सोबत प्रत्येक ब्लॉकचं चित्रही टाका. मॅक्रोच्या मधल्या चॅनल मला डोळ्यांनी बघायच्या आहेत, आकड्यावर माझा भरवसा नाही.

टीई_इलेक्ट्रॉनिक्स

मध्ये बोलतोय, माफ करा. मी फिजिकल डिझाइनचा क्लास लावलाय, फी भरून झाली. हे सगळं वाचून पोटात गोळा आला. क्लास सोडू का?

हडपसरची_मृण्मयी

फी परत मिळत असेल तर विचार कर. 😀 नसेल तर टीसीएल आणि एसटीए (टायमिंगची तपासणी) मनापासून शीक. मॅक्रो एजंटने ठेवोत की ॲनिलिंगने, सेटअप व्हायोलेशन (सिग्नल उशिरा पोचणं) का आलं ते रिपोर्ट वाचून सांगणारा माणूस आमच्या टीमला आत्ता हवा आहे. आणि क्लासवाले तयार फ्लोअरप्लॅन देऊन थेट सीटीएसवर (क्लॉकच्या तारा पसरवण्यावर) उडी मारत असतील तर त्यांना सांग, आधी कोऱ्या डायवर मॅक्रो ठेवायला द्या.