जात्यावरची बाई: मातीची मूर्ती आणि गोधडी जोडायची कशी?

काळीमाती
जात्यावरच्या ओव्यांवर शिल्प करायचं आहे. लाल टेराकोटाची बसलेली बाई, साधारण ४० सेंमी उंच, भाजणी १००० अंशांवर. कमरेखाली माती नाही. तिथून जुन्या लुगड्यांची गोधडी सुरू होऊन जमिनीवर पसरेल, आणि ओव्यांतलं माहेर, भाऊ, लेकरं तिच्यावर येतील. कमरेच्या काठाला भोकं ठेवून कापड शिवायचा विचार आहे. भोकं केव्हा आणि केवढी पाडावीत? काही निऱ्या स्लिपमध्ये (पाण्यात कालवलेल्या पातळ मातीत) बुडवलेल्या कापडाच्या केल्या तर टिकतील का?

भट्टीवाला
भोकं माती लेदर-हार्ड, म्हणजे अर्धवट वाळून चामड्यासारखी घट्ट झाल्यावरच. खिळा खुपसू नका. तो माती बाजूला रेटतो आणि वाळताना तिथूनच तडा जातो. ड्रिलचं ५ मिमीचं पातं हाताने फिरवा, ते माती कापून बाहेर काढतं. काठाची जाडी ८-९ मिमी, भोक काठापासून किमान १२ मिमी आत, दोन भोकांत १५ मिमी अंतर. सगळी एका रेषेत घेतलीत तर पोस्टाच्या तिकिटासारखा काठ तिथेच सुटेल, म्हणून एक वर, एक खाली. मातीत २०-२५ टक्के ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा चुरा घाला.

दोरा तुटतो तो भोकाच्या धारेने. दोन्ही तोंडं जाड पात्याच्या टोकाने उतरती करून ओल्या स्पंजने गोल करा. भाजल्यावर उरलेली धार डायमंड फाइलने, पाणी लावूनच घासा. ती कोरडी धूळ फुफ्फुसात जाऊ देऊ नका.

जात्याचा खुंटा मात्र लाकडीच घ्या, मातीची बारीक दांडी मुठीतच मोडते. माती ८ टक्के आकसत असेल तर २० मिमीच्या खुंट्यासाठी ओल्या मुठीतलं भोक २३ मिमीचं ठेवा, भाजून ते २१च्या आसपास येतं. आकुंचन आधी त्याच मातीच्या, १० सेंमीची रेघ मारलेल्या पट्टीवर मोजून घ्या.

धावदोरा
गोधडीचं वजन टाक्यांवर नको. आत लाकडी बैठक करा, मूर्ती आणि गोधडी दोन्ही तिच्यावर टेकू द्या. टाक्यांनी कापड फक्त जागेवर धरायचं. मेण लावलेला लिननचा दोरा, अर्धगोल सुई, आणि दर तीन-चार टाक्यांनी स्वतंत्र गाठ, म्हणजे एक तुटला तरी सगळी शिवण उसवत नाही. कमरेशी दोनच थर आणा, बाकीचे खाली संपवा. नाहीतर तिथे वळकटी होते.

ओव्या अक्षरांत भरू नका, हे आग्रहाने सांगते. अक्षरं आली की लोक वाचत बसतात, बाईकडे बघत नाहीत. माहेराला खणाचा तुकडा, भावाला धोतराचं पांढरं, लेकरांना झबल्याचं छापील सूत. धावदोरा जात्याभोवती गोल फिरवत न्या, पीठ पडतं तसाच. गोल शिवताना मधून बाहेर जा. बाहेरून आत आलात तर मध्ये फुगा उरतो.

काळीमाती
खुंट्याचं आणि गोल धावदोऱ्याचं लगेच घेतलं. स्लिपच्या निऱ्यांचं सांगाल का?

भट्टीवाला
टिकतील, पण सुती आणि विरळ विणीचंच कापड घ्या. जरीचे काठ, पॉलिएस्टर काढून टाका, त्यांचा धूर विषारी. स्लिप त्याच मातीची, बोट बुडवून काढल्यावर नखाची कड दिसू नये इतकी दाट, त्यात थोडा कागदाचा लगदा. बुडवून पिळू नका, निथळू द्या. मग दोन-तीन हात ब्रशने. भट्टीत सूत जळून जातं, उरतं फक्त मातीचं कवच. म्हणून ६०० अंशांपर्यंत तासाला १०० पेक्षा वेगाने चढवू नका, भट्टीचं वरचं भोक उघडं ठेवा, खोली हवेशीर हवी.

या निऱ्यांना भोकं पाडू नका, कवच तेवढं सोसत नाही. शिवण जाड काठालाच, निऱ्या तिच्यावरून नुसत्या उतरू द्या.