'गुणवत्तेवर जिंकलं' म्हणावं का?

मोरपीस: घरात चार दिवस एका वाक्यावरून भांडण चालू आहे. लेकाचं म्हणणं, "२०२१चं फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद व्हर्स्टॅपनने गुणवत्तेवर जिंकलंच नाही." शर्यतीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण 'गुणवत्तेवर' खटकलं. गुणवत्ता यादी दहावीची असायची. इथे कोणता शब्द बसेल?

उंबरठा: खटकलं ते योग्यच. 'स्वबळावर'ही नको, गाडी, टायर, पिटमधली (टायर बदलायच्या थांब्यावरची) माणसं धरली तर एकट्याचं बळ कुठलं? मराठीत अशा वेळी प्रत्यय बघावा. 'त्याने जिंकलं' म्हटलं की कर्तृत्व त्याचं. 'त्याला मिळालं' म्हटलं की देणारा दुसराच कुणीतरी.

आता अबू धाबीची, हंगामातली शेवटची शर्यत घ्या, १२ डिसेंबर २०२१. व्हर्स्टॅपन आणि त्याचा प्रतिस्पर्धी हॅमिल्टन, दोघांचे हंगामातले गुण सारखे, ३६९.५. हॅमिल्टन आरामात पुढे. ५८ पैकी ५३व्या फेरीत लतिफी या दुसऱ्याच चालकाची गाडी भिंतीवर आदळली आणि सेफ्टी कार, म्हणजे सगळ्यांना आपल्यामागे हळू, रांगेत चालवणारी गाडी, आली. व्हर्स्टॅपनने पिटमध्ये जाऊन नवे, जास्त वेगवान मऊ टायर घातले. हॅमिल्टन १४व्या फेरीत घातलेल्या टणक टायरांवरच. दोघांच्या मध्ये एक फेरी मागे असलेल्या पाच गाड्या होत्या. रेस डायरेक्टर, म्हणजे शर्यतीचे नियंत्रक, मायकल मासींनी तेवढ्या पाचच पुढे काढल्या, बाकीच्या मागे राहिल्या, आणि शेवटची एक फेरी खुली केली. पाचव्या वळणावर व्हर्स्टॅपन पुढे गेला, खेळ खलास. इथे 'ला'च हवा. विजेतेपद पदरात पडलं.

गिअरबॉक्स: पदरात पडायला आधी पदर घेऊन तिथवर पोचावं लागतं, साहेब! त्या सकाळी व्हर्स्टॅपनच्या खात्यात नऊ विजय होते, हॅमिल्टनच्या आठ. बाकूच्या शर्यतीत पहिला असताना त्याचा टायर फुटला. सिल्व्हरस्टोनला पहिल्याच फेरीत हॅमिल्टनशी धडक होऊन तो बाहेर, आणि दंड भोगूनही शर्यत हॅमिल्टनने जिंकली. तुमचा 'ला' लावायचाच तर बेल्जियममधल्या स्पाच्या शर्यतीला लावा. पावसात सेफ्टी कारमागे गाड्या फिरवल्या आणि अर्धे गुण वाटले. ३६९.५ मधला तो अर्धा तिथलाच, दोघांचाही. ते गुण जिंकले कुणीच नाहीत.

उंबरठा: स्पा मान्य. पण माझा मुद्दा शेवटच्या फेरीपुरता आहे, हंगामाचा नाही.

शाईचा डाग: मूळ वाद शब्दाचाच होता, हे कुणी सांगितलं नाही! नियमात, एक फेरी मागे असलेल्या 'एनी' गाड्या पुढे सोडाव्यात असं होतं. हॅमिल्टनच्या मर्सिडीज संघाने तक्रार केली, तेव्हा व्हर्स्टॅपनच्या रेड बुल संघाचा युक्तिवाद असा की 'एनी' म्हणजे 'ऑल' नव्हे. आपल्या 'कोणताही'ची हीच गंमत. "कोणत्याही परिस्थितीत दार उघडू नकोस" यात सगळ्या परिस्थिती आल्या. "कोणतेही पाच प्रश्न सोडवा" यात पाचच. मासींनी नियम प्रश्नपत्रिकेसारखा वाचला: कोणत्याही पाच गाड्या सोडा. तक्रार फेटाळली गेली, मर्सिडीजने अपील सोडून दिलं. पुढे नियमात 'ऑल' घातलं, मासींना पदावरून काढलं, आणि खेळाची नियामक संस्था एफआयएच्या मार्च २०२२च्या अहवालात मानवी चूक झाल्याचं मान्य करूनही निकाल कायम ठेवला.

मोरपीस: लेकाला वाचून दाखवलं. तो पक्का हॅमिल्टनवाला. म्हणतो, 'लाटलं' लिही.

उंबरठा: 'लाटायला' लबाडी लागते. व्हर्स्टॅपनने कुठलाही नियम मोडला नव्हता. समोर मोकळा रस्ता आणि पायात नवे टायर असताना तो काय ब्रेक दाबून बसणार होता? 'फावलं' लिहा. दुसऱ्याच्या गडबडीत आपलं काम होतं, त्याला आपण फावणं म्हणतो. मासींच्या घाईत त्याचं फावलं.

गिअरबॉक्स: चालेल. पण त्या एका फेरीपुरतंच. आधीच्या नऊ विजयांना 'फावलं' लावाल तर आमच्याकडेही चार दिवस भांडण होईल.