मदत हवी आहे : कुत्रीच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे कसे उभे करावेत?

मृण्मयी_क
नमस्कार. आमच्या बुंदीच्या शस्त्रक्रियेसाठी ६२,००० रुपये लागणार आहेत आणि डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यातली तारीख दिली आहे. आतापर्यंत १८,५०० रुपये जमले आहेत. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी दोनदा आवाहन केले. पहिल्या वेळी लोकांनी आपणहून दिले. दुसऱ्या वेळी एका गृहस्थांनी सर्वांसमोर ‘हे पैसे नेमके कोणाच्या खात्यात जातात?’ असे विचारले आणि त्यानंतर एक रुपयाही आला नाही. रात्री कूस बदलताना ती कण्हते, ते ऐकवत नाही. एवढी रक्कम लवकर कशी उभी करावी, हे ज्यांनी केले असेल त्यांनी कृपया सांगावे. रस्त्यावरच्या कुत्रीवर इतका खर्च कशाला, हे लिहू नये; ते मी पुरेसे ऐकले आहे.

शेखर_जो
ताई, कोणता सांधा, कशाने दुखावला, बुंदीचे वय आणि वजन किती, तुम्ही कोणत्या गावी असता आणि ६२,००० रुपयांत काय काय धरले आहे, यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही. त्या गृहस्थांचा प्रश्न बोचला असेल, पण तो देणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असतो. फरक इतकाच, की बाकीचे न विचारता गप्प बसतात.

अनघा देशस्थ
वेळ न घालवता मिलाप किंवा केटो यांसारख्या संकेतस्थळावर मोहीम सुरू करा. तिथे प्राण्यांच्या उपचारांसाठीही निधी मागता येतो. मी आमच्या मांजराच्या वेळी हेच केले. रुग्णालयाच्या लेटरहेडवरचे अंदाजपत्रक, एक्स-रे आणि रोजचा एक फोटो, एवढे दिले की अनोळखी माणसेही मदत करतात.

वि_मा_पटवर्धन
अनोळखी माणसे देतात हे खरे, पण ओळखीची आधी देतात आणि मोहिमेचा वेग त्यांच्यावरच ठरतो. शिवाय एक गोष्ट कोणी सांगत नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात तुमच्या खात्यात आलेली एकूण रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर केवळ वरची नव्हे, संपूर्ण रक्कम करपात्र उत्पन्न धरली जाऊ शकते. म्हणून देणगीदारांना थेट रुग्णालयाच्या खात्यात पैसे भरायला सांगावे, किंवा एखाद्या नोंदणीकृत प्राणिसेवी संस्थेमार्फत ते घ्यावेत. संस्थेला ८०-जी, म्हणजे देणगीवर करसवलत देणारी मान्यता असेल, तर जुन्या करप्रणालीतल्या देणगीदाराला सवलतही मिळते. मात्र २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत.

मृण्मयी_क
आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. बुंदी साधारण ३ वर्षांची असून वजन १४ किलो आहे. रिक्षाने उडवल्यामुळे मागच्या उजव्या पायाचा खुब्याचा सांधा निखळला. तो भूल देऊन एकदा बसवला होता, पण पुन्हा निसटला. खर्चाचा तपशील मी मागितलेला नाही. डॉक्टरांनी तोंडी आकडा सांगितला.

डॉ_सुनेत्रा (पशुवैद्य)
मग सर्वांत आधी लेखी अंदाजपत्रक मागा आणि नेमकी कोणती शस्त्रक्रिया होणार, ते विचारा. निखळलेला खुबा उघडून पुन्हा उखळीत बसवून कृत्रिम दोऱ्याने बांधता येतो. त्यात साहित्याचा खर्च असतो आणि नंतर सक्तीची विश्रांती लागते. दुसऱ्या पद्धतीत मांडीच्या हाडाचे डोके आणि मान काढून टाकतात व त्या जागी तंतुमय ऊतींचा खोटा सांधा तयार होतो. यात काहीही बसवायचे नसल्यामुळे खर्च बहुधा कमी येतो आणि १४ किलोच्या कुत्रीत निकाल चांगला मिळण्याची आशा असते. मात्र पाय लवकर वापरता करावा लागतो, म्हणून व्यायामोपचाराचे पैसे आधीच बाजूला ठेवावेत. तुमच्या बुंदीसाठी काय योग्य, ते एक्स-रे पाहणारेच ठरवतील. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे शल्यचिकित्सक कोणत्या दिवशी भेटतात, ते विचारून दुसरे मत घ्या.

गोदाकाठ
आमच्या कुत्र्याला तीळतेल आणि निर्गुडीच्या मालिशने महिन्याभरात उतार पडला होता. शस्त्रक्रियेची घाई कशाला?

डॉ_सुनेत्रा (पशुवैद्य)
तुमच्या कुत्र्याचा सांधा बहुधा झिजला असेल. बुंदीचा जागेवरून सुटला आहे. तेलाने हाड उखळीत परत जात नाही, आणि दिवस गेले तर कूर्चेची झीज वाढते. घरातली माणसांची वेदनाशामक गोळीही कृपया कोणी देऊ नये. आयबुप्रोफेनने कुत्र्यांच्या जठराला आणि मूत्रपिंडाला गंभीर इजा होते.

नंदन_न्यूजर्सी
मला ५,००० रुपये पाठवायचे आहेत. संस्थेच्या खात्यात भरू का?

वि_मा_पटवर्धन
तुमचे पारपत्र भारतीय असेल आणि पैसे स्वतःच्या बचतीतले, नेहमीच्या बँकमार्गाने असतील, तर ते परदेशी योगदान ठरत नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल, तर संस्थेकडे परदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय तिला ते स्वीकारता येत नाही.

अनघा देशस्थ
मी तर म्हणते, प्रत्येकाने आपल्या प्राण्याचा विमा आधीच काढून ठेवावा.

शेखर_जो
अनघाताई, अपघात होऊन गेल्यावर त्याचा बुंदीला उपयोग नाही.

मृण्मयी_क
आज लेखी अंदाजपत्रक मिळाले. ६२,००० मध्ये ७ दिवस रुग्णालयात ठेवण्याचे १४,००० रुपये धरले होते. घरी पिंजऱ्यात ठेवून रोज दाखवायला नेले तर चालेल, असे डॉक्टर म्हणाले. हाडाचे डोके काढण्याच्या पद्धतीबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी एक्स-रे पुन्हा पाहून उद्या सांगतो म्हटले. शिरवळलाही गुरुवारी वेळ मिळाली आहे. अंदाजपत्रक, आतापर्यंतच्या पावत्या आणि रुग्णालयाचा खातेक्रमांक मी सोसायटीच्या गटावर टाकला आणि जमलेले १८,५०० रुपये तिथे भरल्याची पावतीही जोडली. ज्या गृहस्थांनी प्रश्न विचारला होता, त्यांनी थेट रुग्णालयात ३,००० रुपये भरून पावतीचा फोटो गटावर पाठवला. नंदनजी, तुमचे पारपत्र कोणते ते कळवावे, म्हणजे कुठे भरायचे ते सांगते.