कोकम आगळाच्या लेबलवरचं नाव: उद्यम नोंदणी पुरते की ट्रेडमार्क हवाच?

डिचोलीची आगळवाली
नमस्कार. मी आणि माझी जाऊ मिळून घरून कोकम आगळ, सरबताचा पाक आणि सुकी सोलं विकतो. लेबलवर 'गोंयचें आगळ' हे नाव आणि एका ओळखीच्या मुलाने काढून दिलेला लोगो आहे. माल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जातो, शिवाय बांद्याचा एक दुकानदार महिन्याला दोन खोकी मागवतो. उलाढाल वर्षाला चार लाखांच्या आत. अन्न परवाना आणि उद्यम दोन्ही आहे. आता जवळजवळ याच नावाची दुसरी बाटली बाजारात आली आहे. उद्यममध्ये नाव घातलंय म्हणजे ते आपलंच ना? नसेल तर खर्च किती आणि आधी काय करायचं?

जर्नलवाचक
नाही ताई. उद्यम म्हणजे तुमचा धंदा सूक्ष्म उद्योग आहे एवढीच नोंद. पंचायतीचा परवाना, अन्न परवाना, जीएसटी, यांतल्या कशानेही नावावर हक्क येत नाही. तो ट्रेडमार्कनेच येतो.

पण तुमची खरी अडचण वेगळी आहे. 'गोंयचें' हे ठिकाण आणि 'आगळ' हा माल. ट्रेडमार्क कायद्याच्या ९व्या कलमाखाली नुसतं वर्णन करणारे शब्द सहसा अडतात, कारण ते वापरायचा हक्क प्रत्येक आगळवाल्याला आहे. लोगोसकट लेबल नोंदवलं तर कदाचित निघेल, पण मग रक्षण त्या चित्राला, शब्दांना नाही. समोरच्याला थांबवायचं तर गिऱ्हाईक हे दोन शब्द तुमच्याच बाटलीशी जोडतं हे कोर्टात दाखवावं लागेल. चार लाखांच्या विक्रीवर ते कठीण. माझं स्पष्ट मत: धंदा लहान आहे तोवर नाव बदला. फळाशी, गावाशी संबंध नसलेला शब्द घ्या. 'भिरंड' नको, तेही कोकमच झालं. देवाचं नावही नको, त्या नावाची दुकानं गल्लोगल्ली असतात.

नाव ठरलं की ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर मोफत शोध घ्या. हुबेहूब स्पेलिंगवर थांबू नका, उच्चाराने शोधायचा पर्याय असतो तोही वापरा. नोंदणीसाठी मालाचे ठरलेले वर्ग असतात: पाक आणि आगळ वर्ग ३२, सुकी सोलं वर्ग २९. ट्रेडमार्कच्या अर्जाचा फॉर्म टीएम-ए ऑनलाइन भरला तर एकट्या व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला एका वर्गाचे ४,५०० रुपये, म्हणजे दोन वर्गांचे ९,०००. गोव्याचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात. देवनागरीत नाव दिलंत तर त्याचं रोमन लिप्यंतर आणि अर्थही द्यावा लागतो.

बार्देशचा हिशेबनीस
ट्रेडमार्क राहू दे, आधी बांदा बघा! मालाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी नको, ही सूट राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला. पत्रादेवीचा नाका ओलांडून माल महाराष्ट्रात विकला की उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची. कंपोझिशन (लहान धंद्यांसाठीची जीएसटीची ठोक दराची योजना) घेऊनही सुटका नाही, त्यात राज्याबाहेर माल विकताच येत नाही. एकतर नोंदणी करा, नाहीतर बांद्याची खोकी बंद करा.

आणखी एक, गोव्यापुरतं. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर इथे नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात, आणि धंद्याचं उत्पन्न आयकरात दोघांत निम्मं निम्मं दाखवावं लागतं. रिटर्नमध्ये 'शेड्यूल ५ए' त्यासाठीच आहे. बाहेरगावचे कर सल्लागार ते हमखास विसरतात.

फोंड्याची लेखणी
वरचं बरोबर, पण अर्ज कोणाच्या नावे? दोघी मिळून धंदा करून नफा वाटून घेता म्हणजे कागद नसला तरी ती भागीदारीच. उद्यम एकीच्या आधारवर प्रोप्रायटर, म्हणजे एकटी मालकीण, म्हणून काढलंय का? तसं असेल आणि ट्रेडमार्क भागीदारीच्या नावे टाकलात, तर ते उद्यम फर्मच्या कामाचं नाही आणि फी वर्गाला ९,००० होईल. आधी भागीदारीचा करार, मग फर्मचं पॅन, त्यावर नवं उद्यम. अन्न परवानाही फर्मच्या नावे. एकीच्या नावे नाव घेऊन ठेवलं तर वाटणीच्या दिवशी तेच भांडण उभं राहतं.

लोगोचंही तसंच. पैसे दिले तरी चित्राचा कॉपीराइट साधारणपणे काढणाऱ्याकडेच राहतो. तो तुमच्या नावे केल्याचं त्या मुलाकडून सहीनिशी लिहून घ्या. त्यात मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. मुदत नसेल तर हक्क पाचच वर्षांचा धरतात, प्रदेश नसेल तर फक्त भारतापुरता. 'कायमस्वरूपी, जगभर' हे दोन शब्द घाला.

डिचोलीची आगळवाली
उद्यम माझ्या एकटीच्या आधारवर आहे, बरं झालं विचारलंत. नवं नाव लगेच छापलं तर चालेल का? आणि एजंट म्हणतो सहा महिन्यांत सर्टिफिकेट.

जर्नलवाचक
छापा. अर्ज टाकला की नावाशेजारी 'टीएम' लावा. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच, आधी लावणं गुन्हा आहे.

सहा महिन्यांची हमी कोणी देऊ शकत नाही. रजिस्ट्रीचा तपासणी अहवाल येतो, मग तिच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्धी, त्यानंतर चार महिने कोणालाही विरोध नोंदवता येतो. ऑनलाइन 'ऑब्जेक्टेड' दिसलं की लोक घाबरतात. तो नकार नाही, प्रश्न आहे. पण अहवाल हातात आल्यापासून एका महिन्यात उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिल्यात जमा होतो. एजंट अर्जात स्वतःचाच ईमेल घालतो आणि अहवाल त्याच्याकडे पडून राहतो, म्हणून तुमचा ईमेल घालायला लावा.

आणि बिलं. 'कोकम १२ बाटल्या' असं लिहू नका, प्रत्येक बिलावर नवं नाव हवं. उद्या वापर कधीपासून हे दाखवायचं झालं तर प्रतिज्ञापत्राबरोबर हीच बिलं जोडावी लागतात.