पी-३८ : नुसत्या नंबरावर साल ठरवू नका

पिस्तुलाचा सीरियल नंबर द्या, लगेच बनवल्याचं साल सांगतो असं म्हणतात ना, ते पी-३८ ला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पिस्तुलाला, लागू होत नाही. ते बनवणारी वाल्थर कंपनी दर वर्षी नंबर परत १ पासून सुरू करायची, १०,००० झाले की पुढे ए मग बी असं अक्षर, त्यामुळे तोच नंबर अक्षरासकट वेगवेगळ्या सालांत सापडतो. आधी स्लाइडवरचा (वरच्या सरकत्या भागावरचा) कारखान्याचा कोड बघा, एसी म्हणजे वाल्थर, बीवायएफ म्हणजे माउझर, आणि सोबत ४३ वगैरे दोन आकडी साल. सीवायक्यू म्हणजे श्प्रेवेर्क, त्यावर सालच नसतं. मग फ्रेम (खालचा मुख्य सांगाडा), स्लाइड, बॅरल (नळी) यांचे नंबर जुळवा, नाही जुळले तर स्लाइडवरचं साल फक्त स्लाइडचं. फ्रेम अॅल्युमिनियमची निघाली तर विषयच संपला, ते युद्धानंतरचं, १९५७ पासूनचं. आणि कृपा करून जुनं फिनिश घासू नका, सुरुवातीचं चकचकीत पॉलिश आणि १९४४ चं खडबडीत काम यातला फरक हाच मोठा पुरावा आहे!