मदत हवी आहे : नव्या ट्रकमधील आवाजाचे निदान कसे करून घ्यावे?

तीन महिन्यांपूर्वी घेतलेला माझा ट्रक माल भरून वंटमुरी घाट चढू लागला की, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा खडखडाट केबिनच्या मागून येतो. सपाटीवर क्लच दाबून इंजिनाचा वेग उतरवला तरी आवाज थांबत नाही, चाकांच्या वेगाबरोबरच मंदावतो; त्यामुळे दोष इंजिनात नसून प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) जॉइंटमध्ये किंवा मधल्या बेअरिंगमध्ये असावा, असा माझा अंदाज आहे. बेळगावच्या डीलरकडे मात्र रिकामी गाडी आवारातच फिरवून (तिथे आवाज येणार तरी कसा?) जॉबकार्डावर ‘नॉर्मल’ असा शेरा मारतात. वॉरंटी चालू असतानाच मालासह रोड टेस्ट घ्यायला त्यांना कसे भाग पाडावे आणि तक्रारीची लेखी नोंद कोणत्या शब्दांत करून घ्यावी, हे अनुभवी गाडीमालकांनी कृपया सांगावे.