खान्देशातून हिमालयातील पहिली उंच खिंड : कोणती निवडावी, केव्हा जावे आणि किती दिवस हाताशी ठेवावेत?

गिरणाकाठ, पाचोरा

नमस्कार मंडळी.

पाचोरा आणि जळगाव येथील आम्ही चौघे जण पुढील वर्षी हिमालयातील एखादी उंच खिंड पायी ओलांडण्याचा विचार करीत आहोत. मी आणि माझी पत्नी दोघेही शिक्षक आहोत, तिसरे मित्र बँकेत आहेत आणि चौथे भाऊ कपाशीची शेती करतात. वये चाळीस ते बावन्न या दरम्यान आहेत. साल्हेर, मांगीतुंगी, तोरणमाळ आणि पाटणादेवीच्या परिसरातील डोंगरवाटा आम्ही नेहमी चालतो. मात्र बर्फावर कोणीही चाललेले नाही आणि तीन हजार मीटरच्या वर आमच्यापैकी कोणी रात्रही काढलेली नाही.

आमच्यापुढे रूपिन आणि हम्प्ता अशी दोन नावे आहेत. एका आयोजकाने हम्प्ताचा मनालीपासून मनालीपर्यंत पाच दिवसांचा कार्यक्रम पाठविला आहे आणि तो सुट्टीत सहज बसतो. हे दिवस पुरेसे आहेत का? जून महिना योग्य की सप्टेंबर? बँकेतील मित्रांना रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी लागते. त्यांनी यावे की नाही, याबद्दलही जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सातपुड्याची वाट, शहादा

भाऊ, रूपिन पहिल्या खेपेसाठी नको, असे माझे स्पष्ट मत आहे. ती खिंड सुमारे 4650 मीटर उंचीवर आहे, उत्तराखंडमधील धौला गावाकडून चढून हिमाचलातील सांगल्याकडे उतरावे लागते, आणि माथ्याजवळची अरुंद घळ हंगामाच्या सुरुवातीला बर्फाने भरलेली असते. वाट सुंदर आहे यात शंका नाही. पण तेथे मधूनच परतायचे ठरले, तर चालून आलेले सगळे दिवस उलटे चालावे लागतात. हम्प्ता सुमारे 4270 मीटर आहे आणि वाट तुलनेने आटोपशीर आहे. गद्दी मेंढपाळ आपले कळप कुल्लूकडून लाहौलकडे नेण्यासाठी हीच खिंड वापरत आले आहेत.

तथापि खिंडीचे नाव ठरविण्यापेक्षा कार्यक्रमातील मुक्कामांची उंची तपासणे अधिक महत्त्वाचे आहे. आयोजकाचा कागद समोर घेऊन प्रत्येक रात्रीपुढे मुक्कामाची उंची लिहा. मनाली सुमारे 2050 मीटर, छिका सुमारे 3100, बालू का घेरा सुमारे 3600, मग खिंड ओलांडून शिया गोरू सुमारे 3900, आणि शेवटी छत्रू सुमारे 3300. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, असा सर्वमान्य संकेत आहे. पाच दिवसांच्या कार्यक्रमात पहिल्याच दिवशी मनालीहून गाडीने जोबरापर्यंत आणि तेथून पायी छिकापर्यंत, म्हणजे जवळजवळ हजार मीटर वर जाऊन झोपावे लागते. जळगावची उंची जेमतेम दोनशे मीटर आहे. घर सोडल्यापासून तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपण तीन हजारांच्या वर झोपणार आहोत, हे शरीराला काही साल्हेर चढल्याचे पुण्य दाखवून पटविता येत नाही.

यावर उपाय साधा आहे. मनालीत एक पूर्ण दिवस थांबावे. त्यानंतरची रात्र जोबराच्या रस्त्यावरील सेथन गावात काढावी, जे सुमारे 2700 मीटरवर आहे. आणि शक्य झाल्यास छिका किंवा बालू का घेरा येथे एक जादा मुक्काम ठेवावा. हा जादा दिवस आयोजक देत नसेल, तर आयोजक बदलावा. आयोजकाची हिमाचल पर्यटन विभागाकडे नोंदणी आहे का आणि सोबत किती वाटाडे असतील, हेही लेखी विचारावे.

आणखी एक गोष्ट चंद्रतालबाबत. बहुतेक कार्यक्रमांत छत्रूहून गाडीने चंद्रतालला नेऊन जवळच्या तंबूंमध्ये मुक्काम दाखवितात. तलाव सुमारे 4250 मीटरवर आहे, म्हणजे खिंडीइतकाच उंच. (त्याला 2005 पासून रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा आहे आणि काठावर तंबू लावण्यास बंदी आहे, त्यामुळे तंबू काही अंतरावर असतात.) रस्ता खुला असल्यास तलाव पाहून त्याच दिवशी परत फिरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

भुसावळ जंक्शन

वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र महिन्याचा प्रश्न अनुत्तरित राहिला आहे, आणि खान्देशातील माणसासाठी तोच सर्वांत अवघड आहे.

आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यास उघडतात. हम्प्ताचा हंगामही साधारण तेव्हाच सुरू होतो, म्हणजे शिक्षकांची सुट्टी संपते आणि खिंड उघडते. त्याच सुमारास कपाशीची लागवड असते, त्यामुळे शेतकरी मित्रही घर सोडू शकणार नाहीत. जुलै-ऑगस्टबद्दल मतभेद आहेत. खिंडीचे वैशिष्ट्य असे की कुल्लूची बाजू पावसात भिजते, तर लाहौलची बाजू पर्जन्यछायेत असल्याने बरीच कोरडी राहते. म्हणून अनेक जण पावसाळ्यातही ही वाट सुचवितात. मी सुचविणार नाही. प्रश्न डोंगरापेक्षा रस्त्याचा आहे. मंडीच्या पुढे पंडोह ते औट या टप्प्यात पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ता बंद पडतो, आणि जुलै 2023 च्या अतिवृष्टीत तर चंद्रताल येथे शेकडो पर्यटक बर्फ व बंद रस्त्यांमुळे काही दिवस अडकून पडले होते.

माझे मत सप्टेंबरच्या उत्तरार्धाच्या बाजूने आहे. पाऊस ओसरलेला असतो, आकाश बहुधा स्वच्छ मिळते, बर्फ कमी असतो आणि कपाशीची मुख्य वेचणी अजून सुरू व्हायची असते. शिक्षक दांपत्याला रजा घ्यावी लागेल हे खरे. पण दिवाळीच्या सुट्टीची वाट पाहिल्यास खिंडीवर नवे बर्फ पडू लागलेले असते. सप्टेंबरअखेरीसही अचानक हिमवृष्टी होऊ शकते, त्यामुळे शिमला येथील हवामान केंद्राचे अंदाज निघण्यापूर्वी रोज पाहावेत.

सुट्टीतच जायचे असेल, तर मे महिन्यात पार्वती खोऱ्यातील सर पासचा विचार करावा. त्याची उंची साधारण हम्प्ताएवढीच आहे. युथ हॉस्टेल्स असोसिएशन त्या काळात कसोलच्या तळावरून तुकड्या पाठविते आणि सरावासाठी सुरुवातीचे दिवस राखून ठेवते. मात्र मेमध्ये तेथे बर्फावर बराच वेळ चालावे लागते, ही बाब लक्षात ठेवावी.

प्रवासाचे म्हणाल, तर भुसावळहून पंजाब मेलसारख्या गाडीने दिल्ली आणि तेथून रात्रीच्या बसने मनाली हा नेहमीचा मार्ग आहे. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाच्या दिवसापूर्वी साठ दिवस आधी खुले होते. पूर्वीप्रमाणे चार महिने आधी तिकीट काढून निश्चिंत होता येत नाही. परतीचे तिकीट डोंगर उतरण्याच्या दुसऱ्याच दिवसाचे काढू नका. मागे गाडी चुकण्याची भीती असली, की लोक खराब हवेतही खिंड ओलांडायला निघतात.

वैद्यकीय व्यवसायी, धुळे

रक्तदाबाविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. गोळीने रक्तदाब व्यवस्थित नियंत्रणात असेल, तर केवळ तेवढ्या कारणाने जाऊ नये असे नाही. परंतु आपल्या डॉक्टरांना उंचीचा स्पष्ट आकडा सांगून सल्ला घ्यावा, कारण काही गोळ्यांनी लघवीचे प्रमाण वाढून शरीरातील पाणी कमी होते, तर काहींमुळे चढावर हृदयाची गती पुरेशी वाढत नाही. निघण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्यावी, वाटेत गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये आणि ती दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावी.

हम्प्ताच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्केच असतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच राहते, पण प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. याचा त्रास कोणाला होईल हे तंदुरुस्तीवरून सांगता येत नाही. उलट तंदुरुस्त माणूस वेगाने वर जातो आणि लवकर आजारी पडतो, असे पुष्कळदा दिसते. डोकेदुखी, आणि तिच्या जोडीला मळमळ, भूक मंदावणे, गरगरणे किंवा अतिशय थकवा, ही उंचीच्या आजाराची सुरुवात समजावी आणि लक्षणे जाईपर्यंत अधिक उंचीवर झोपू नये. बसल्या जागी धाप लागणे व खोकला वाढणे हे फुप्फुसात पाणी साठत असल्याचे, तर तोल जाणे, बोलण्यात विसंगती येणे हे मेंदूला सूज येत असल्याचे चिन्ह असू शकते. पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला लावून सरळ रेषेत काही पावले चालायला सांगावे; जमत नसेल तर पहाटेची वाट न पाहता त्याच क्षणी सोबत देऊन खाली न्यावे. औषधे आणि प्राणवायू यांचा आधार मिळतो, पण खरा उपचार खाली उतरणे हाच आहे.

अॅसिटाझोलामाइड, म्हणजे बाजारातील डायमॉक्स, याविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. ते लक्षणे झाकते हा समज चुकीचा आहे; ते श्वसनाला चालना देऊन शरीराला जुळवून घेण्यास मदत करते. प्रतिबंधासाठी प्रौढांना सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. तथापि सल्फा औषधांची अॅलर्जी असलेल्यांनी आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बोटांना मुंग्या येणे आणि वारंवार लघवी होणे हे त्याचे नेहमीचे परिणाम आहेत. कार्यक्रम घाईचा ठेवून वर ही गोळी घेणे मला मान्य नाही. मद्य आणि झोपेच्या गोळ्या पूर्णपणे टाळाव्यात.

बोटाला लावायचे प्राणवायूमापक यंत्र न्यावे की नाही, असे पुढे कोणी विचारीलच. न्यावे, पण गारठलेल्या बोटावर ते चुकीचा आकडा दाखविते आणि उंचीवर आकडा कमी येणे स्वाभाविकही असते. माणूस कसा दिसतो, कसा बोलतो, जेवतो की नाही, यालाच अधिक महत्त्व द्यावे.

गिरणाकाठ, पाचोरा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही रूपिनचा विचार सोडला आहे, आणि सप्टेंबरमध्ये मनाली व सेथन येथील जादा मुक्कामांसह हम्प्ता करण्यावर चौघांचेही एकमत झाले आहे. दोन शंका उरतात. सराव कसा करावा? आणि समजा बालू का घेरा येथे रात्री एखाद्याला बरे वाटेनासे झाले, तर वाटाड्या म्हणतो त्याप्रमाणे, पलीकडची बाजू उताराची असल्याने, सकाळी खिंड ओलांडून जाणे योग्य ठरेल का?

सातपुड्याची वाट, शहादा

दुसरी शंका आधी घेतो. मुळीच योग्य ठरणार नाही. पलीकडे उतार आहे खरा, पण त्या उतारापर्यंत पोहोचण्यासाठी आजारी माणसाला आधी जवळजवळ पावणेसातशे मीटर वर चढावे लागेल, आणि तो दिवस साऱ्या वाटेवरील सर्वांत लांबचा असतो. आठ ते दहा तास सहज लागतात. शिवाय रात्रीचा मुक्काम शिया गोरूला, म्हणजे बालू का घेरापेक्षाही उंचावर पडतो. त्याउलट छिका काही तासांत गाठता येते आणि जोबराला गाडी मिळते. त्यामुळे बालू का घेरा हाच निर्णयाचा मुक्काम समजावा. तेथे ज्याचे डोके दुखते, त्याने परतावे, आणि त्याच्यासोबत परतणारा दुसरा गडी कोण, हे पाचोऱ्यातच ठरवून ठेवावे. परतण्याचा निर्णय बहुमताने घेऊ नये. चौघांपैकी एकाने म्हटले तरी तो मान्य व्हावा. खिंडीच्या दिवशी पहाटे निघावे आणि माथा गाठण्याची शेवटची वेळ वाटाड्याशी बोलून आदल्या रात्रीच पक्की करावी, कारण दुपारनंतर हवा बिघडते आणि शिया गोरूकडील उतरण बरीच तीव्र आहे.

सरावासाठी निदान तीन महिने द्यावेत. आपल्याकडच्या उन्हात दुपारी चालणे म्हणजे निव्वळ हट्ट. पहाटे पाचला निघून आठपर्यंत घरी यावे. सपाट रस्त्यावर धावण्यापेक्षा पाठीवर आठ-दहा किलो घेऊन जिने किंवा टेकडी चढणे-उतरणे उपयोगी पडते, आणि त्यातही उतरण्याचा सराव लोक विसरतात. गुडघे उतरतानाच दुखतात. पावसाळ्यात भिजत्या वाटेवर सलग दोन दिवस चालून पाहावे. बूटही त्याच वेळी पायाला सरावतात.

कपाशी पिकवणाऱ्या खान्देशात हे सांगणे विचित्र वाटेल, पण अंगाला लागून सुती कपडा घालू नये. तो घाम आणि पाऊस धरून ठेवतो आणि थंडीत शरीरातील ऊब काढून घेतो. आत कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरीचा पातळ कपडा, वर फ्लीस, म्हणजे मऊ, उबदार कृत्रिम कापडाचा कपडा, आणि त्यावर पाऊस-वारा अडविणारे जाकीट अशी व्यवस्था ठेवावी. शिया गोरूच्या पुढचा ओढा सकाळी लवकर ओलांडावा. ऊन चढले की वितळलेल्या बर्फाने त्याचे पाणी वाढते. त्यासाठी पट्ट्याच्या चपला आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड बाहेरच्या कप्प्यात असू द्यावा.

जोबराच्या पुढे मोबाइलवर विसंबता येत नाही, आणि उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठविणारी यंत्रे आपल्या देशात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत, म्हणून कोणी कौतुकाने देऊ केले तरी नेऊ नयेत. त्याऐवजी घरी एक कागद ठेवावा : प्रत्येक रात्रीचा मुक्काम, आयोजकाचा व वाटाड्याचा क्रमांक, विम्याचा तपशील आणि कोणत्या दिवसापर्यंत निरोप न आल्यास कोणाला विचारावे. विमा काढताना त्यात किती मीटरपर्यंतच्या पदभ्रमणाचा समावेश आहे, हे वाचूनच पैसे भरावेत. नेहमीच्या आरोग्य विम्यात साहसी उपक्रम बऱ्याचदा वगळलेले असतात.